प्रोषितभर्तृका आणि कारभारीण

१

जिचा पती कामानिमित्त घर सोडून दूर गेला आहे अशा स्त्रीला संस्कृत साहित्यशास्त्राने ‘प्रोषितभर्तृका’ असे नाव दिले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ नायिकांपैकी ही एक होय. ह्या शब्दाची घडण मोठी बोलकी आहे. ‘वस्’ धातूला ‘प्र’ हा उपसर्ग लागून ‘प्रोषित’ हे रूप झाले. ‘प्रवास’ हा आपला नेहमीचा शब्दही त्याच कुळातला. ‘भर्तृ’ हे रूप ‘भृ’ धातूपासून आले असून भरणपोषण करणारा असा त्याचा अर्थ आहे. दोन्ही पदे पुरुषाविषयी बोलतात. समास बहुव्रीही असल्यामुळे ज्या स्त्रीचा बोध व्हावयाचा ती मात्र दोन्ही पदांच्या बाहेर उभी आहे. ती काय करते हे शब्द सांगत नाही. तिच्या घरी कोण नाही एवढेच तो सांगतो.

घाटावरच्या मराठीत घरधनिणीसाठी एक दुसरा शब्द आहे. तो म्हणजे ‘कारभारीण’. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर ह्या तालुक्यांत, जेथील कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस राहत आले, तेथे ह्या शब्दाला विशेष वजन प्राप्त झाले आहे. हे दोन शब्द एकाच स्त्रीकडे दोन बाजूंनी पाहतात. त्यांतील अंतर हा केवळ कोशकाराच्या आस्थेचा विषय नाही. सरकारी कागद तिला कोणत्या नात्याने ओळखतो, ह्यावर तिला पीककर्ज मिळणे न मिळणे अवलंबून असते.

२

पतीच्या प्रवासाची ही स्थिती ह्या प्रदेशाला नवी नाही. जुन्नरच्या पश्चिमेचा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरे आणि देशावरील पेठा यांना जोडणारा मार्ग होता. सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘गाथासप्तशती’त वाटसरू आणि त्याची मागे राहिलेली बायको यांच्यावरील गाथा पुष्कळ आहेत. महाराष्ट्री प्राकृतात तिला ‘पउत्थवइआ’ म्हटले आहे. एका गाथेतील स्त्री पती गेल्याच्या पहिल्याच दिवशी, दुपार होण्यापूर्वीच, दिवस मोजण्याच्या रेघांनी भिंत भरून टाकते. गाथा सुंदर आहे. परंतु त्या दुपारी गोठ्यातल्या जनावरांना पाणी कोणी दाखविले, हे ती सांगत नाही.

स्त्रीने चालविलेल्या कारभाराची नोंद झाली ती बहुधा राजघराण्यांतून. नाणेघाटातील प्राकृत शिलालेख सातवाहन राणी नागनिका हिच्या नावाशी जोडला जातो. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची लांबलचक यादी कोरलेली आहे. पुढे १६३० मध्ये ज्या शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो किल्लाही जुन्नरचाच. शहाजीराजे कर्नाटकात असताना पुण्याच्या जहागिरीत मुलाला घेऊन जिजाबाई राहिल्या, ही हकिगत महाराष्ट्राला पाठ आहे. साध्या कुणबिणीच्या कारभारासाठी मात्र शिला कोणी कोरली नाही. तिने स्वतः जात्यावर जे सांगितले तेवढेच उरले. गी पॉइतव्हँ आणि हेमा राइरकर यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांतून ह्या जात्यावरील ओव्यांच्या संकलनास प्रारंभ केला, आणि त्यांच्या कार्यातून पुढे एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. हा स्त्रियांच्या स्वतःच्या शब्दांचा फार मोठा दस्तऐवज आहे. ह्याच्या उलट अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ ह्या गाजलेल्या छक्कडीत बोलणारा आहे तो मुंबईला गेलेला पुरुष. मैना तेथे गावी राहिली आहे, आणि तिची ताटातूट हीच पुढे संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मुलखाचे रूपक होते. मैनेच्या आठवणीचे गीत झाले. तिच्या दिवसाच्या कामाचे झाले नाही.

३

महाळुंगे पडवळ हे आंबेगाव तालुक्यातील गाव. तालुक्याची कचेरी घोडेगावला, तर मोठी बाजारपेठ मंचरला. गावाचे नाव सर्वदूर गेले ते हुतात्मा बाबू गेनू सैद यांच्यामुळे. १९०८ साली येथे जन्मलेला हा तरुण मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापड वाहून नेणारी लॉरी अडविताना तिच्याखाली सापडून त्याला मरण आले. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव दिले आहे. हौतात्म्याच्या ह्या हकिगतीत एक सामाजिक वस्तुस्थिती सहज सामावलेली आहे. महाळुंग्याचा मुलगा मुंबईच्या गिरणीत असणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ सालची. पुढील दशकात बोरघाटातून लोहमार्ग झाला आणि पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील माणसाला मुंबई आवाक्यात आली. पावसाच्या भरवशावरची शेती आणि वाटण्यांनी झालेले जमिनीचे तुकडे ही त्याला घराबाहेर काढणारी कारणे. गिरणी, गोदी, हमाली, भाजीबाजार ही त्याची कामाची ठिकाणे. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ ह्या तालुक्यांतील माणसांनी मुंबईत जेवणाचे डबे पोचविण्याचा धंदा उभारला, तो आजही ख्यातनाम आहे. ओझी वाहणाऱ्यांना १९६९ च्या माथाडी कायद्याने संरक्षण दिले. भाजीपाल्याचा घाऊक बाजार वाशीस गेला तेव्हा ह्या तालुक्यांतील माणसेही त्याच्यामागे तेथे गेली. अलीकडे धरणाच्या पाण्याने पूर्वेकडील शिवारात ऊस आला, आणि भोसरी व चाकण येथील कारखान्यांनी नोकरी जवळ आणली. त्यामुळे वर्षातून दोनदा येणाऱ्या मुंबईकराच्या शेजारी आठवड्याला घरी येणारा कामगारही आता दिसतो.

पुरुष गेला तेव्हा स्त्री मागे का राहिली, ह्याचे उत्तर भावनेपेक्षा हिशेबात अधिक सापडते. मुंबईत एकेका खोलीत अनेक पुरुष दाटीने राहत, आणि जेवण खाणावळीत होई. अशा खाणावळी चालविणाऱ्या बायकांची संघटना ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ ह्या नावाने प्रेमा पुरव यांनी १९७५ साली उभी केली. गिरणीचा पगार एका पुरुषाचे शहरातील पोट भरी आणि काही रक्कम गावी पाठवू देई. सगळे बिऱ्हाड शहरात पोसण्याइतका तो बहुधा नसे. म्हातारे सासूसासरे, मुले, गुरे आणि जमीन यांचा भार गावाने, म्हणजे प्रत्यक्षात त्या स्त्रीने उचलला. ह्या अर्थाने गिरणीचा कमी पगार चालू शकला तो गावाकडच्या चुलीच्या जोरावर. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा ही गोष्ट उघड झाली. पगार थांबले, आणि असंख्य संपकरी ज्या घराला आपण पोसतो असे मानीत होते त्याच घराच्या आधाराला परत आले. तेव्हा भर्ता कोण आणि भृत कोण हा प्रश्न व्युत्पत्तीपुरता राहिला नाही.

४

तिच्या कामाचे स्वरूप पाहू. आषाढाच्या सुमारास बाजरी, भुईमूग यांची पेर, मग खुरपणी, पुढे कांद्याची लागण, सुगीच्या दिवसांत काढणी व मळणी, रब्बीचा हरभरा, गहू. रोजची दोन वेळची धार आणि दूध संकलन केंद्रावरची खेप. ह्यांतील बहुतेक कामे स्त्री स्वतः करीत आली आहे. अपवाद औताचा. औत धरणे हे परंपरेने पुरुषाचे काम मानले गेल्यामुळे पती दूर असलेल्या घराला औतासाठी दुसऱ्याकडे पाहावे लागे. त्यासाठी गावगाड्यात तीन वाटा होत्या. सावड, म्हणजे कामाच्या बदल्यात काम. इर्जिक, म्हणजे गावकऱ्यांनी जमून एकाचे शेत करून देणे आणि त्याने सर्वांना जेवू घालणे. आणि अर्धली, म्हणजे निम्म्या पिकाच्या कराराने शेत दुसऱ्यास कसावयास देणे. आज ट्रॅक्टरने ही अडचण पुष्कळ कमी केली, तरी ट्रॅक्टर वेळेवर मिळविणे हेही कामच आहे.

ह्या तिन्ही वाटांत अंगमेहनतीपेक्षा निराळी अशी एक गोष्ट लागते, ती म्हणजे निर्णय. कोणाशी सावड धरावी, कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवावा, गाय ह्या बाजारी विकावी की पुढच्या, मुलीची शाळा चालू ठेवावी की तिला खुरपणीला घ्यावे, सासऱ्याच्या औषधाला पैसे आधी की सोसायटीच्या हप्त्याला: असे प्रश्न पती येईपर्यंत थांबत नाहीत. ‘कारभार’ ह्या शब्दाचा नेमका अर्थ हा आहे. काम मजुरानेही होते. कारभाराला अधिकार लागतो.

५

आता शब्दाच्या रूपाकडे वळू. ‘कारभारी’ला ‘ईण’ हा प्रत्यय लागून ‘कारभारीण’ हे रूप झाले. मराठीत ह्या प्रत्ययाची दोन कार्ये आहेत. ‘वाघीण’ म्हणजे वाघाच्या जातीची मादी. येथे प्रत्यय स्वतःच्या गुणांनी ओळखली जाणारी स्त्री दाखवितो. ‘पाटलीण’ म्हणजे पाटलाची बायको. येथे तो केवळ नाते दाखवितो. पाटलीण पाटीलकी करीत नाही. ‘मास्तरीण’ हा शब्द ह्या दोहोंच्या सीमेवर आहे. पूर्वी तो मास्तरांच्या पत्नीला लागे. मुली शिकून शिकवू लागल्या तसा तो शिकविणाऱ्या स्त्रीलाही लागला. समाजातील बदल प्रत्ययाच्या अर्थात कसा उतरतो याचे हे चांगले उदाहरण होय.

‘कारभारीण’ हा शब्दही रूपाने ‘पाटलीण’च्या ओळीतला. पत्नीने पतीला ‘कारभारी’ म्हणावे आणि पतीने तिला ‘कारभारीण’ म्हणावे, असा ग्रामीण रिवाज. परंतु कारभारी मुंबईला आणि कारभार गावी, अशी फारकत झाली की शब्दाचा अर्थ सरकतो. तेथे ती कारभाऱ्याची बायको म्हणून कारभारीण असते, तशीच कारभार करते म्हणूनही असते. अक्षर बदलले नाही, प्रत्यय बदलला नाही. त्याने एक कार्य सोडून दुसरे धरले. अर्थपरिवर्तन बहुधा असेच, कोणाच्या लक्षात न येता होते.

६

हे परिवर्तन पूर्ण मात्र झालेले नाही, आणि त्याची साक्ष नित्याच्या बोलण्यातच मिळते. पतीचे नाव घ्यावयाचे नाही ह्या संकेतामुळे स्त्री त्याचा उल्लेख ‘हे’ असा करते. ‘हे’ हे जवळच्या वस्तूचा निर्देश करणारे सर्वनाम आहे. दूरच्यासाठी भाषेत ‘ते’ आहे. तरीही दूर असलेला पती ‘हे’च राहतो: “हे मुंबईला असतात.” ह्या वाक्यातील क्रियापदही पाहण्यासारखे आहे. ‘आहेत’ म्हटले तर आजची स्थिती कळते. ‘असतात’ म्हटले की नित्याची रीत कळते. दूर असणे हीच येथे रीत झाली आहे, आणि सर्वनाम मात्र ते अंतर मान्य करीत नाही.

झालेल्या कामाचा वृत्तांत देताना दुसरी एक लकब दिसते. मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी कर्मणि प्रयोग येतो. “त्याने पेरणी केली” आणि “तिने पेरणी केली” ह्या दोन्ही वाक्यांत क्रियापद पेरणीच्या लिंगाप्रमाणे चालते. करणारा पुरुष की स्त्री हे क्रियापद सांगत नाही. घरचा वृत्तांत ह्याच्याही पुढे जातो. “पेरणी झाली”, “हप्ता भरला गेला”, “पोराचं नाव शाळेत घातलं” असे निरोप जातात, आणि कर्ता वाक्यातून उठून जातो. ज्याला वृत्तांत द्यावयाचा तो घरचा मुख्य आहे ह्या जाणिवेने ‘मी’ गाळला जातो, असे म्हणावयास हरकत नाही.

पण ह्या विनयाला दुसरी बाजूही आहे. व्यापारी दारात येऊन कांद्याचा भाव पाडून मागतो, तेव्हा “ह्यांना विचारून सांगते” हे एक वाक्य दोन दिवसांची सवड मिळवून देते. उसने मागणाऱ्या भाऊबंदाला नकार द्यावयाचा तर “हे नको म्हणाले” इतके पुरते, मग ‘हे’ प्रत्यक्षात काही म्हणालेले असोत वा नसोत. अनुपस्थित पतीचा अधिकार ही अशा वेळी कारभारणीच्या हातातील एक ढाल होते. निर्णय तिचा असतो; जबाबदारीचा रोख तेवढा मुंबईकडे वळविलेला असतो.

पत्रव्यवहाराचेही असेच. भारतात टपालाने मनिऑर्डर पाठविण्याची सोय १८८० साली सुरू झाली, आणि खेड्यातील घराचे अर्थकारण तिच्याशी बांधले गेले. पत्र ‘पत्रास कारण की’ असे सुरू होई आणि रीतीप्रमाणे वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे येई. पत्नीसाठीचा मजकूर ‘घरी सर्वांस’ ह्या शब्दांत मावे. मनिऑर्डरीच्या फॉर्मखालील लहानशा कुपनावर चार ओळी लिहिता येत. वाचता न येणाऱ्या स्त्रीला त्या पोस्टमनकडून, चारचौघांत ऐकाव्या लागत. खाजगी असे त्यात काय उरणार? भ्रमणध्वनीने हे चित्र पालटले. पैसे आज बहुधा तिच्या खात्यावर येतात, आणि बोलणे मध्यस्थावाचून होते. ह्याबरोबर एक बदल उलट दिशेनेही झाला. पूर्वी पत्राचे उत्तर येण्यास लागणाऱ्या आठ-पंधरा दिवसांत तिला जो निर्णय आपल्या बळावर घ्यावा लागे, तो आता एका फोनने मुंबईस विचारता येतो. संपर्क वाढला म्हणजे अधिकार वाढलाच असे नाही.

७

कागदपत्रांची भाषा ह्या सर्वांहून वेगळी आहे. हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाच्या व्यवस्थापकाला ‘कर्ता’ म्हणतात. हाच शब्द व्याकरणात क्रिया करणाऱ्यास लागतो. व्याकरणातील कर्ता क्रियेने ठरतो. कायद्यातील कर्ता जन्माने ठरतो. महाराष्ट्रात १९९४ च्या आणि सर्व देशात २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः सहदायादाचा हक्क मिळाला. पत्नी मात्र सहदायाद नसल्यामुळे, तिने वीस वर्षे घर चालविले तरी, ह्या अर्थाने कर्ता होत नाही. बोलीतही ‘कर्ता पुरुष’ हा जोडशब्द रूढ आहे. स्त्रीसाठी ‘करतीसवरती’ हे विशेषण आहे. ते कर्तृत्वाची वाखाणणी करते, पण पद देत नाही.

सातबाराच्या उताऱ्यावर नाव पतीचे किंवा सासऱ्याचे. विविध कार्यकारी सोसायटीचे पीककर्ज त्या नावावर. मार्चअखेरीस कर्जाचे नवे-जुने करावयाचे तर सही त्याची. म्हणून मुंबईच्या माणसाला रजा काढून त्या एका सहीसाठी गावी यावे लागते. २०१९ साली सुरू झालेली किसान सन्मान निधीची वार्षिक सहा हजार रुपयांची रक्कमही जमीन ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जमा होते. शेत कसणारी आणि शेतकरी ह्या येथे दोन व्यक्ती ठरतात. पती अपघाताने गेला किंवा त्याने शहरात दुसरे बिऱ्हाड केले, तर हे अंतर तिच्यासाठी संकट होऊन उभे राहते. जी जमीन तिने राखली तीवर आपला संबंध सिद्ध करण्यासाठी तिला वारस नोंदीपासून सुरुवात करावी लागते, किंवा कोर्टाची पायरी चढावी लागते.

शब्द बदलण्याचे प्रयत्न झालेले आहेत. शेजारच्या खेड तालुक्यातील आंबेठाण येथे राहून शेतकरी संघटनेचे काम करणारे शरद जोशी यांनी १९८९ नंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालविली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग राजीखुशीने पत्नीच्या नावे करावा, आणि शंभर कुटुंबांनी असे केले त्या गावाला ‘लक्ष्मीमुक्ती गाव’ म्हणून गौरवावे, अशी ती कल्पना होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख ठरविले. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकाच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा नियम महाराष्ट्र शासनाने केला. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या योजनेत रक्कम थेट स्त्रीच्या खात्यावर जाते. तेथे शासनाने तिला ‘लाडकी बहीण’ म्हटले आहे. हे संबोधन पुन्हा नात्याचेच आहे.

ह्या सर्वांत नेमकी व्याख्या आढळते ती जनगणनेच्या सूचनांत. प्रगणकाने कुटुंबप्रमुख म्हणून गैरहजर असलेल्या नाममात्र प्रमुखाचे नाव लिहू नये. घराचा कारभार पाहण्याची जबाबदारी जिच्यावर आहे त्या व्यक्तीची नोंद करावी, असा त्यांचा आशय आहे. दर दहा वर्षांनी निदान एका सरकारी कागदासाठी महाळुंग्याची कारभारीण अशा रीतीने कुटुंबप्रमुख होऊ शकते. अट एवढीच की प्रगणकाने प्रश्न नीट विचारला पाहिजे.

८

भाषेच्या अभ्यासकाचे काम येथे सुरू होते. “घरचा कर्ता कोण?” असे विचारले तर उत्तर ‘हे’ असे येईल, आणि ते मुंबईला असतात असेही कळेल. “घरचा कारभार कोण पाहतं?” असे विचारले तर त्याच दारात, त्याच तोंडून दुसरे उत्तर मिळण्याचा संभव आहे. दोन्ही उत्तरे खरी आहेत. प्रश्नातील शब्दाने कोणते सत्य पुढे यावे हे ठरविले. प्रश्नावली तयार करणारा शहरातील सुशिक्षित पहिला शब्द सहज वापरतो, कारण पुस्तकी मराठीत तोच प्रतिष्ठित आहे. त्या एका शब्दापायी लक्षावधी घरांचे व्यवस्थापन कागदावर पुरुषांच्या खाती जमा होते.

ग्रामपंचायतींत स्त्रियांना राखीव जागा मिळाल्यावर ‘सरपंचपती’ हा नवा शब्द मराठीत आला. पद पत्नीचे आणि कारभार पतीचा, असा त्याचा अर्थ. त्याला लोक हसतात, आणि ते योग्यच आहे. त्याच गावात ह्याच्या नेमकी उलट स्थिती शतकाहून अधिक काळ घरोघर नांदते आहे: पद पतीचे आणि कारभार पत्नीचा. तिला कोणी हसले नाही, कारण ती विसंगती आहे असे कोणास वाटले नाही. ‘कारभारीण’ हा शब्द बोलीत आपला अर्थ बदलून बसला आहे. सातबाराच्या आणि सोसायटीच्या रकान्यात तो अजून पोचावयाचा आहे.